तुलनागटाला नेमकं काय मिळालं?

कोविडने रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला फिजिओथेरपीचा उपयोग होतो का, हे तुम्ही शोधायला बसलात तर दोन उत्तरं हाती लागतील. एक आपल्याकडच्या निबंधांतलं: उपचार दिले, ऑक्सिजनची गरज कमी झाली, पेशंट चालायला लागला. दुसरं परदेशातल्या एका मोठ्या चाचणीचं: आयसीयूत जास्तीचा व्यायाम देऊन फरक पडला नाही, उलट धोके थोडे वाढले. पहिलं वाचून फिजिओथेरपीवाले खूश होतात, दुसरं वाचून रुग्णालयाचा खर्च बघणारे. माझं म्हणणं असं की आपल्या वॉर्डांसाठी दोन्ही उत्तरं पुरेशी नाहीत आणि दोन्हींची अडचण एकाच ठिकाणी आहे. ज्यांना हा उपचार मिळाला नाही त्यांना काय मिळालं? पहिल्या प्रकारच्या निबंधांत ही माणसंच नसतात. दुसऱ्यात असतात, पण ती आपल्या वॉर्डातली नसतात.

आधी माझी जागा सांगते, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी फिजिओथेरपिस्ट नाही. एमएस्सी बायोकेमिस्ट्रीत केली आणि पीएचडीसाठी स्नायूंमधली प्रथिनं कशी तुटतात यावर काम करते. दिवसाचा बराचसा वेळ उंदरांच्या मांडीच्या स्नायूंबरोबर जातो. त्यामुळे कुठला व्यायाम कसा द्यावा यावर मी बोलणार नाही. पण ‘आम्ही अमुक दिलं आणि तमुक सुधारलं’ या वाक्याच्या पोटात काय काय लपू शकतं, हे आमच्याकडे पहिल्या वर्षापासून घोटून घेतात.

स्नायूंपासूनच सुरुवात करू, कारण कोविडच्या चर्चेत सगळी जागा फुप्फुसांनी व्यापली. २०१३ साली लंडनच्या संशोधकांनी आयसीयूतल्या ६३ पेशंटच्या मांडीचा पुढचा स्नायू सोनोग्राफीने ठरावीक दिवसांनी मोजला. दहाव्या दिवसापर्यंत त्या स्नायूचा आडवा छेद सरासरी १७.७ टक्क्यांनी घटला होता. एक षष्ठांशाहून जास्त स्नायू, दहा दिवसांत. हे कोविडच्या आधीचे पेशंट होते, पण अंथरुणाला खिळलेलं शरीर, अंगभर पसरलेली सूज आणि गुंगीची औषधं हे तिन्ही घटक कोविडच्या आयसीयूतही तेच होते.

याचं पुढे काय होतं ते टोरांटोच्या एका अभ्यासात दिसतं. फुप्फुसांना सूज येऊन त्यांत पाणी भरतं त्या अवस्थेला एआरडीएस म्हणतात. गंभीर कोविडमध्ये माणसं याच अवस्थेला पोचत होती. त्यातून वाचलेल्या १०९ जणांना तिथल्या डॉक्टरांनी पाच वर्षं धरून ठेवलं आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले. पाच वर्षांनी फुप्फुसांची क्षमता जवळपास पूर्ववत झाली होती. पण सहा मिनिटांत चालून जाण्याचं अंतर त्यांच्या वयाच्या निरोगी माणसाकडून अपेक्षित असतं त्याच्या ७६ टक्केच होतं. फुप्फुसं परत आली, चाल पूर्ण परत आली नाही.

सहा मिनिटांच्या चालण्यावरून एक आठवण. २०२१च्या एप्रिलमध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने घरी असलेल्या लोकांना सहा मिनिटं चालून ऑक्सिजन बघायला सांगितलं होतं. चालल्यावर तो ९३च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा ३ टक्क्यांहून जास्त उतरला तर रुग्णालय गाठायचं. सूचना उत्तम होती आणि तिने जीव वाचवले असणार. पण त्यामुळे आपल्या डोक्यात सहा मिनिटांचं चालणं म्हणजे ऑक्सिमीटरवरचा आकडा असं बसलं. पुनर्वसनाच्या शास्त्रात याच चाचणीत मुख्यतः अंतर मोजतात: किती मीटर चाललात. आजार ओळखायला आकडा पुरतो. माणूस पुन्हा आपल्या पायावर उभा राहिला का, ते अंतर सांगतं.

आता पहिल्या प्रकारच्या निबंधांकडे येऊ. २०२० मध्येच मुंबईच्या फिजिओथेरपिस्टांचा दाखल कोविड पेशंटवरचा एक अभ्यास कैरो विद्यापीठाच्या फिजिओथेरपीच्या नियतकालिकात आला. शीर्षकाचा अर्थ साधारण असा: फिजिओथेरपीबरोबर ऑक्सिजन देण्याच्या पद्धतीत आणि शरीराच्या मोजमापांत झालेले बदल, एक पूर्वलक्षी अभ्यास. पूर्वलक्षी म्हणजे उपचार आधी झाले आणि मग केसपेपर काढून नोंदी एकत्र केल्या. पीपीई किट घालून, घामाने निथळत ज्यांनी ही कामं केली, त्यांनी वर नोंदीही नीट ठेवल्या याचं मला खरोखर कौतुक आहे. त्या वेळी जगात कुणाकडेच फारशी माहिती नव्हती.

पण या घडणीच्या अभ्यासातून काय काढता येतं? पेशंट मोठ्या मास्कवरून साध्या नळीवर आला, त्या दिवसांत त्याला फिजिओथेरपी मिळत होती. त्याच दिवसांत त्याला स्टेरॉइडही मिळत असतं, रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शनही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, त्याला दिवस मिळत असतात. कोविडचे बरेचसे दाखल पेशंट दुसऱ्या आठवड्यातल्या त्या घसरणीनंतर आपोआप वर येत होते. शिवाय फिजिओथेरपीला कोण पाठवला जातो? ज्याची तब्येत व्यायाम झेपण्याइतकी आहे, तोच. फार खालावलेला यादीत येतच नाही, आणि मध्येच दगावला किंवा दुसरीकडे हलवला तर ‘आधी आणि नंतर’ यातलं ‘नंतर’ त्याच्या वाट्याला येत नाही. उरलेले सुधारलेलेच दिसणार. शीर्षकात ‘बरोबर’ असं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. सेमिनारच्या स्लाइडवर पोचेपर्यंत त्याचं ‘मुळे’ होतं.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं की साथीच्या ऐन भरात तुलनागट ठेवणं अमानुष झालं असतं, अर्ध्या पेशंटना उपचार नाकारायचे का? हे मला पटत नाही. नाकारायची गरजच नव्हती. फिजिओथेरपिस्ट मोजके होते आणि पेशंट शेकड्यांनी. शेजारच्या वॉर्डात अशी कितीतरी माणसं होती ज्यांच्यापर्यंत कुणी पोचूच शकलं नाही. तुलनागट परिस्थितीनेच तयार करून ठेवला होता. त्यांच्याही नोंदी काढायच्या, एवढंच बाकी होतं: वय, दाखल होतानाचा ऑक्सिजन, किती दिवसांनी पायावर उभे राहिले. यातूनही पक्का पुरावा मिळाला नसता, पण ‘बरोबर’ आणि ‘मुळे’ यातलं अंतर थोडं तरी कमी झालं असतं.

आता दुसरं टोक बघू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी मजा इथे आहे.

२००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांतली चाचणी आली. व्हेंटिलेटरवरचे १०४ पेशंट, चिठ्ठ्या टाकून दोन गट. गुंगीची औषधं दोन्ही गटांत रोज थोडा वेळ थांबवायची, पण एका गटात जाग आली की लगेच व्यायाम: आधी हातपाय हलवणं, मग कॉटच्या कडेला बसणं, उभं राहणं, चालणं. घरी जाताना आंघोळ, कपडे, जेवण, चालणं ही कामं स्वतःची स्वतः करू शकणारे पहिल्या गटात ५९ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ३५ टक्के. फरक प्रचंड आहे. लवकर उठवण्याचा जगभरचा आग्रह मुख्यतः या निबंधावर उभा राहिला.

मग २०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये ‘टीम’ नावाची चाचणी आली. सहा देशांतली ४९ रुग्णालयं, व्हेंटिलेटरवरचे ७५० पेशंट. पुन्हा तोच प्रश्न: जास्त आणि लवकर व्यायाम दिला तर? उत्तर आलं की नाही. पहिल्या १८० दिवसांतले जिवंत आणि रुग्णालयाबाहेर असलेले दिवस मोजले, ते मध्यमानाने १४३ आणि १४५ भरले, म्हणजे फरकच नाही. उठवण्याशी संबंध असू शकेल असे त्रासदायक प्रसंग, जसं हृदयाचे ठोके बिघडणं किंवा रक्तदाब घसरणं, व्यायामाच्या गटात ९.२ टक्के पेशंटमध्ये दिसले आणि दुसऱ्या गटात ४.१ टक्के.

तेरा वर्षांत फिजिओथेरपीचा गुण गेला की काय? बातम्यांतून तसंच वाटत होतं. आता दोन्ही निबंधांतले तुलनागट शेजारीशेजारी ठेवून बघा. २००९च्या तुलनागटाला थेरपी सुरू झाली ती नळी घातल्यापासून मध्यमानाने ७.४ दिवसांनी, दुसऱ्या गटाला १.५ दिवसांनी. २०२२च्या तुलनागटाला मात्र बहुतेक रोज फिजिओथेरपिस्ट तपासून जात होता आणि दिवसाला सरासरी ८.८ मिनिटं सक्रिय हालचाल मिळत होती; व्यायामाच्या गटाला २०.८ मिनिटं. दोन्ही गटांतले ७७ टक्के पेशंट उभे राहिले, एका गटात मध्यमानाने तिसऱ्या दिवशी, दुसऱ्यात पाचव्या.

म्हणजे ‘टीम’ने विचारलेला प्रश्न होता, नऊ मिनिटं चांगली की एकवीस? त्याचं उत्तर त्यांनी चोख दिलं: एकवीसने जास्त काही मिळत नाही, सबुरीने घ्या. शून्य चांगलं की नऊ, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता, आणि त्यांच्या रुग्णालयांत तो विचारता येण्यासारखाही नव्हता. पण हा निबंध जेव्हा आपल्याकडच्या एखाद्या मीटिंगमध्ये ‘आयसीयूत फिजिओथेरपीचा उपयोग सिद्ध झालेला नाही’ असं म्हणायला वापरला जातो, तेव्हा त्याच्या तोंडी न बोललेलं वाक्य घातलं जातं. निबंधाच्या लेखकांवर माझा राग नाही. त्यांनी तुलनागटाचे मिनिटांपर्यंत आकडे दिले, म्हणून तर मला हे लिहिता येतंय. राग आहे तो गोषवाऱ्याची शेवटची ओळ वाचून निर्णय घेणाऱ्यांवर.

मग आपला तुलनागट कोण? निबंधांत त्याला ‘नेहमीची देखभाल’ म्हणतात. आपल्या रुग्णालयांतली नेहमीची देखभाल कुणी करतं हे कुठल्याच तक्त्यात येत नाही, पण तुम्हाआम्हाला पक्कं ठाऊक आहे. पेशंटजवळ थांबलेला माणूस. कॉटखाली चटई टाकून झोपलेला भाऊ, थर्मासमधून पेज आणणारी बायको, दुपारी बदलीला येणारा भाचा. पेशंटला कुशीवर वळवतात ते हेच लोक, पाठीला उशी लावतात, धरून संडासापर्यंत नेतात, ‘चला बाबा, व्हरांड्यात एक चक्कर’ म्हणून मागे लागतात. पाश्चात्त्य चाचणीत हे काम पगारी माणूस करतो आणि त्याची मिनिटं मोजली जातात. आपल्याकडे ते नात्यातलं माणूस करतं आणि कागदावर त्याचा मागमूस नसतो.

कोविडने हाच माणूस वॉर्डाबाहेर काढला. संसर्गाच्या भीतीने त्याला आत सोडता येत नव्हतं, ते बरोबरच होतं. पण तो गेला तेव्हा नुसता धीर गेला नाही, आपल्या व्यवस्थेतला न नोंदलेला पुनर्वसन विभागच गेला. उरले किटमधले डॉक्टर, नर्स आणि वॉर्डातल्या मावशी, ज्यांना एका पाळीत इतकी माणसं बघायची होती की संडासाला नेण्यापेक्षा डायपर सोपा पडत होता. याचा दोष त्यांच्यावर नाही. वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये, जिथे एरवी प्रदर्शनं भरतात, महापालिकेने सुमारे १२०० खाटांचं केंद्र उभं केलं होतं. ऑक्सिजन, आयसीयू, व्हेंटिलेटर अशा रकान्यांत रिकाम्या खाटांचे आकडे आम्ही सगळे मोबाइलवर बघत बसायचो. खाट मिळणं हाच तेव्हा जीवनमरणाचा प्रश्न होता. खाटेवरच्या माणसाला आज किती वेळा बसवलं, असा रकाना मात्र त्यात नव्हता, आणि मागायचं तेव्हा कुणाला सुचलंही नसतं.

माझे काका २०२१च्या एप्रिलमध्ये इथल्याच एका खासगी रुग्णालयात १९ दिवस होते. व्हेंटिलेटर लागला नाही, मास्कवर निभावलं. घरी सोडताना ऑक्सिजन ९६ होता, म्हणजे कुठल्याही निबंधात ते ‘सुधारले’च्या रकान्यात गेले असते. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या, प्रथिनयुक्त आहार, विश्रांती आणि तीन बॉलचं स्पायरोमीटर एवढं लिहिलेलं. ते कोपरखैरण्याला राहतात, जुनी सिडकोची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर पायरीवर बसले ते उठेनात. शेवटी वॉचमन आणि माझा चुलतभाऊ यांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. पुढचे दोन महिने ते खाली उतरले नाहीत. त्यांना विचारलं की दवाखान्यात कधी चालवलं का, तर म्हणाले, ‘चालवायला कोण होतं? आणि जायचं कुठे, नळी भिंतीला!’ ऑक्सिजनची नळी जाईल तेवढंच त्यांचं जग होतं. एका माणसाच्या गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. मी ती सांगतेय ती आपल्याकडची ‘नेहमीची देखभाल’ म्हणजे काय, हे डोळ्यांपुढे यावं म्हणून.

तीन बॉलच्या त्या खेळण्याबद्दलही दोन शब्द. दुसऱ्या लाटेत ते केमिस्टकडे पॅरासिटामॉलसारखं खपत होतं. बायपासनंतर आणि पोटाच्या वरच्या भागातल्या शस्त्रक्रियांनंतर स्पायरोमीटरने गुंतागुंत कमी होते का, याचे कॉक्रेनचे आढावे २०१२ आणि २०१४ मध्ये आले होते. ठोस फायदा दिसला नव्हता. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ‘जर्नल ऑफ फिजिओथेरपी’त आलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनीही कोविडमध्ये त्याला पुरावा नसल्याचं नोंदवलं होतं. त्याने नुकसान होतं असं नाही. पण बॉल वर गेले की पेशंटला आणि घरच्यांना वाटतं, व्यायाम झाला. मांड्यांचा गेलेला स्नायू फुंकर ओढून परत येत नाही.

पालथं झोपवण्याचीही गोष्ट अशीच, पण जास्त गुंतागुंतीची. व्हेंटिलेटरवरच्या गंभीर पेशंटला रोज सलग १६ तास तरी पालथं ठेवलं तर मृत्यू कमी होतात, हे २०१३च्या फ्रेंच ‘प्रोसेवा’ चाचणीने दाखवलं: ४६६ पेशंट, २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्के. वैद्यकात इतका मोठा फरक क्वचित दिसतो. पण त्यात भाग घेतलेल्या आयसीयूंना हे करण्याचा पाच वर्षांहून जास्त अनुभव होता. नळ्या, सुया, तारा सांभाळत बेशुद्ध माणसाला पालथं करायला चारपाच सरावलेली माणसं लागतात. म्हणजे तिथल्या ‘पालथं झोपवणे’ या उपचारात ती माणसंही धरलेली आहेत.

जागे असलेल्या पेशंटचं काय? सहा देशांतल्या चाचण्यांचे निकाल एकत्र करून २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’च्या श्वसनरोगांच्या अंकात छापले गेले. ११२१ पेशंटपैकी ज्यांना पालथं झोपायला सांगितलं त्यांत ४० टक्क्यांना व्हेंटिलेटर लागला किंवा मृत्यू आला, इतरांत ४६ टक्क्यांना. फायदा आहे, छोटा आहे, आणि तो मुख्यतः व्हेंटिलेटर टळण्यात आहे. त्याच निबंधात एक आकडा आहे जो व्हॉट्सअॅपवर फिरला: दिवसाला आठ तास किंवा जास्त पालथं राहिलेल्यांत अपयश १७ टक्के, त्याहून कमी राहिलेल्यांत ४८ टक्के. काय फरक! पण थांबा. आठ तास पालथं कोण राहू शकतं? ज्याला दम कमी लागतोय, तो. इथे चिठ्ठ्या टाकलेल्या नाहीत. पेशंटच्या तब्येतीनेच गट पाडलेत. शिवाय, किती तास पालथं राहता येतं ते उशा लावून देणारं, पाणी देणारं, ‘अजून अर्धा तास’ म्हणणारं कुणी जवळ आहे का यावरही ठरतं. पुन्हा तोच न नोंदलेला माणूस.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे, नातेवाइकांना शिकवा आणि त्यांच्याकडून करून घ्या. मलाही तसंच म्हणायला आवडलं असतं. पण भारतातच याची मोठी चाचणी झालेली आहे, कोविडमध्ये नाही, पक्षाघातात. ‘अटेंड’ तिचं नाव. १४ रुग्णालयं, १२५० पेशंट, २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष. घरच्या माणसाला प्रशिक्षण देऊन त्याच्याकडून पुनर्वसन करवून घेतलं. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण एका गटात ४७ टक्के, दुसऱ्यात ४७ टक्के. मला हा निकाल नीट वाचावासा वाटतो तो त्यातल्या ‘दुसऱ्या गटा’मुळे. तिथेही घरचं माणूस होतंच. प्रशिक्षण नसलं तरी ते पेशंटला उठवत होतं, बसवत होतं, चालवत होतं. म्हणजे चाचणी झाली ती शिकवलेला नातेवाईक विरुद्ध न शिकवलेला नातेवाईक अशी. कोविडच्या वॉर्डात प्रश्न होता नातेवाईक विरुद्ध कुणीच नाही असा. माझं हे वाचन चुकीचं आहे असं कुणी साधार दाखवलं तर मला ते हवं आहे. पण ‘अटेंड’ फसली म्हणून घरच्यांचा उपयोग नाही, असं म्हणणाऱ्यांनी आधी हे खोडून काढावं.

घरी गेल्यानंतरच्या टप्प्यात पुरावा जरा बरा आहे. ब्रिटनमधली ‘रिगेन’ चाचणी २०२४ मध्ये ‘बीएमजे’त आली. रुग्णालयातून सुटून किमान तीन महिने झालेले आणि अजून त्रास असलेले ५८५ जण. आठ आठवडे ऑनलाइन गटाने व्यायाम आणि मानसिक आधार. जगण्याच्या दर्जात माफक पण खरी सुधारणा दिसली. इथेही तुलनागट बघा: त्यांना जाणकाराबरोबर एक ऑनलाइन सल्ल्याचं सत्र मिळालं होतं. काकांना ‘विश्रांती’ हा एक शब्द मिळाला होता.

मग करायचं काय? साथ ओसरली तरी प्रश्न ओसरलेला नाही. न्यूमोनिया, स्वाइन फ्लू, सेप्सिस, आयसीयू भरलेलेच असतात आणि तिथेही हातातून निसटतो तो स्नायूच. आणि नवी मुंबईसारखी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. एकट्या नेरुळमध्ये फिजिओथेरपीची दोन कॉलेजं, डी. वाय. पाटील आणि तेरणा. हार्बर लाइनने थोडं पुढे गेलं की कामोठ्याला एमजीएम. तिन्हींना लागून रुग्णालयं. दर वर्षी एमपीटीचे विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधत फिरतात. एकेकाने तीसचाळीस पेशंटवर ‘आधी आणि नंतर’ करण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एक आराखडा क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आधीच नोंदवावा: वॉर्डांची चिठ्ठी काढायची आणि ज्या क्रमाने नाव निघेल त्या क्रमाने एकेका वॉर्डात रोजची फिजिओथेरपी सुरू करायची. शेवटी उपचार सगळ्यांना मिळतो, कुणाला नाकारला जात नाही, आणि वाट बघणारे वॉर्ड आपसूक तुलनागट होतात. मोजायचं काय, तर कॉटच्या कडेला पहिल्यांदा कधी बसला, कधी उभा राहिला, घरी जाताना किती पायऱ्या चढला. आणि दोन्ही गटांत, रोज, उठवलं कुणी आणि किती वेळ.

हे मी एमपीटी करणाऱ्या एका मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती हसली. पायऱ्यांची कल्पना तिला आवडली, तिच्या रुग्णालयात तशी लाकडी चार पायऱ्यांची फळी आहेच. पण ‘किती वेळ’वर ती अडली. नातेवाईक घड्याळ लावून थोडाच बसणार आहे? मिनिटं विचारलीस तर सगळे दहाच सांगतील, ती म्हणाली. त्यापेक्षा कॉटच्या पायाशी तक्ता लावू, त्यावर चित्रं: बसलेला माणूस, उभा माणूस, दारापर्यंत, संडासापर्यंत. ज्याने उठवलं त्याने त्या चित्राखाली एक रेघ मारायची, मग ती मावशी असो, सिस्टर असो की पेशंटचा मुलगा. लिहितावाचता येण्याची गरज नाही. फक्त पेन दोऱ्याने बांधून ठेवावं लागेल, नाहीतर दुसऱ्या पाळीला ते तिथे नसणार.